दुकानाचं नाव एकदाच: ॲक्सेसच्या छापील रिपोर्टबद्दल

जून आला की अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या घाऊक पुस्तकांच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. पॅकिंगची पोरं कागदावरची यादी घेऊन रॅकांमधून फिरतात, टिक करतात, गठ्ठा बांधतात. ती यादी मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस २०१६ या डेटाबेसच्या (माहितीच्या तक्त्यांच्या) प्रोग्राममधून काढते. त्यातून नीट मांडून छापलेल्या यादीला रिपोर्ट म्हणतात.

आधी मी सरळ तक्ता छापायचे. बारामतीच्या एका गिऱ्हाईक दुकानाची ४० पुस्तकं असली की त्याचं नाव-पत्ता ४० ओळींत ४० वेळा. त्यातच अर्धा ए-फोर संपायचा आणि पुस्तकाचं नाव शेपटाकडून तुटायचं. ‘इयत्ता दहावी गणित भाग’ एवढंच दिसायचं. १ की २, ते कापलेलं. बीजगणित मागवणाऱ्याला भूमिती गेली की गठ्ठा परत येतो, आणि तिकडे वर्गात मुलं पुस्तकाविना बसतात.

मग मी रिपोर्टमधल्या रकान्याच्या ‘हाइड डुप्लिकेट्स’ या सेटिंगला हो केलं. वरच्या ओळीतलंच मूल्य पुन्हा आलं तर ते छापायचं नाही, एवढंच त्याचं काम. दुकानाच्या नावापुरतं ठीक. पण मी ते नगांच्या रकान्यालाही लावलं, आणि लागोपाठच्या दोन पुस्तकांचे २५-२५ नग होते तिथे दुसरी जागा कोरी आली. पोराने ते पुस्तक घेतलंच नाही. नग, रक्कम, बिल नंबर यांना हे कधीही लावू नका, हे मी कळकळीने सांगते.

खरा उपाय ‘ग्रुप अँड सॉर्ट’. दुकानावर ग्रुप केला, म्हणजे एकेका दुकानाच्या ओळी एकत्र आणल्या, की नाव-पत्ता ग्रुप हेडरमध्ये, म्हणजे त्या गटाच्या माथ्यावर, एकदाच, ठळक येतो आणि खाली पुस्तकांना कागदाची पूर्ण रुंदी मिळते. हेडरचं ‘रिपीट सेक्शन’ हो ठेवा, म्हणजे यादी दुसऱ्या पानावर गेली तरी दुकानाचं नाव डोक्यावर पुन्हा येतं. गोदामात सुटं पान हाती लागलं तर ते कुणाचं हे कळायलाच हवं. पुस्तकाच्या नावाला ‘कॅन ग्रो’ दिलं की लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरतं, तुटत नाही. हे सगळं ‘प्रिंट प्रिव्ह्यू’मध्येच तपासा. ‘रिपोर्ट व्ह्यू’त पानं तुटलेली दिसत नाहीत.

माझ्या कामाला याहून सोयीचं मला काही सापडलेलं नाही. एक उणीव आहे: प्रत्येक दुकानापुरतं ‘पान ३ पैकी १’ छापायचं तर कोड लिहावा लागतो. मी तो लिहिला नाही. टेक्स्ट बॉक्समध्ये =1 घालून ‘रनिंग सम’ (ओळीगणिक वाढत जाणारी बेरीज) ग्रुपपुरता ठेवला, की अनुक्रमांक दर दुकानाला एकपासून सुरू होतो. ग्रुप फुटरमध्ये, म्हणजे गटाच्या तळाशी, पुस्तकांच्या ओळी एकूण किती ती संख्या येते, नगांची नव्हे. शेवटचा अनुक्रमांक आणि ती संख्या जुळली, तरच पोरं सुतळी बांधतात.