अदलाबदलीच्या ब्लॉकसाठी घेतलेला फूट, पट्टी, कटर आणि मॅट: वापरानंतरचा अनुभव

नाशिकच्या आमच्या क्विल्टिंग गटात दर महिन्याला ब्लॉकची, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या क्विल्टच्या एकेका चौकोनाची, अदलाबदल असते. जिची पाळी असेल तिने रंग आणि नमुना सांगायचा, बाकीच्यांनी घरी एकेक ब्लॉक शिवून तिला द्यायचा. हातात देताना ब्लॉक साडेबारा इंच, क्विल्टमध्ये जोडला की बरोबर बारा. या कामासाठी गेल्या पावसाळ्याआधी मी मशीनचा पाव इंचाचा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, याने शिवण कडेपासून पाव इंचावर राहते), साडेबारा इंची पारदर्शक चौकोनी पट्टी, गोल पात्याचा कटर आणि कापायची मॅट असं सामान घेतलं. घेताना सगळं लक्ष कटरकडे होतं. आज कोणी विचारलं तर मी आधी फूट घ्या म्हणेन.

कारण हिशेबात आहे. साधा नऊ चौकोनांचा ब्लॉक घ्या. प्रत्येक चौकोन साडेचार इंच कापला, दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत गेलं की चारचा उरतो. शिवण नुसती अर्धं सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून प्रत्येक शिवणीला एक सूत जातं. आडव्या रांगेत दोन शिवणी, म्हणजे ब्लॉक सव्वाबाराचा झाला. सहा तुकड्यांची रांग असेल तर पाच सूत गेलं. इस्त्रीने ओढून ते भरून निघत नाही.

गोधडीला ही अडचण कधीच नव्हती. जुन्या नऊवारीचे तुकडे जसे येतील तसे बसवायचे आणि धावदोरा घालत जायचं. त्या मोकळेपणातच तिचं देखणेपण आहे, आणि माझं त्या कामावर आजही तितकंच प्रेम आहे. पण अदलाबदलीत एक ब्लॉक गंगापूर रोडला शिवला जातो, दुसरा इंदिरानगरला, तिसरा पंचवटीत, आणि त्यांच्या कडा एकाच रजईत एकमेकींना भिडायच्या असतात. आपलं माप चुकलं तर उसवत बसायचं काम दुसरीला लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

फूटच्या उजव्या बाजूला लहानशी उभी पट्टी असते, कापडाची कड तिला टेकवून शिवत जायचं. दुमडीतही थोडं कापड खर्ची पडतं, म्हणून शिवण पाव इंचाला दोन धागे कमीच ठेवावी. या फूटवर फक्त सरळ टाका घालायचा. झिगझॅग लावलं तर सुई फूटवर आपटून तुटते. घ्यायला जाताना मशीनचा जुना फूट काढून सोबत न्या, कारण दांडीची उंची जुळली तरच नवा बसतो. माझ्या आईच्या काळ्या पायमशीनला हाच फूट नीट बसला, याचा मला खूप आनंद आहे.

चौकोनी पट्टीचा खरा उपयोग चांदणीच्या नमुन्यात कळतो. ब्लॉकवर पट्टी ठेवली की चांदणीचं प्रत्येक टोक कडेपासून पाव इंच आत दिसायला हवं. टोक कडेलाच असेल तर जोडताना ते शिवणीत गडप होणार आणि चांदणी बोथट दिसणार. दोन त्रिकोण जोडून होणाऱ्या चौकोनांनाही ही पट्टी हवीच. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, कड शिवताना ताणली जाते, म्हणून मी चौकोन पाच इंचांचे घेते आणि जोडी शिवून, इस्त्री करून मग साडेचारला छाटते. इस्त्री घासायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. पट्टी कापडावर सरकते ही तिची एक खोड. मी खालच्या बाजूला पॉलिश पेपरचे बारीक तुकडे चिकटवले, तेव्हापासून सरकत नाही.

कटर उत्तमच. हे हत्यार जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणलं. ४५ मिमी पातं चार पदर सुती कापड एका दमात कापतं. पातं बोथट झालं की मधेच एखादा धागा सुटायला लागतो, तेव्हा लगेच बदलावं. टाचणीवरून गेलं की ते बाद, आणि त्याच पात्याने कागद कापू नये. पावसाळ्यात दमट हवेने गंज धरू नये म्हणून पात्यामागे मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडते. घरात मुलं असतील तर प्रत्येक कापानंतर पातं आत घ्यायची सवय हवीच.

मॅटबद्दल मात्र माझी तक्रार आहे. माझ्या मॅटवरच्या रेघा पट्टीशी जुळत नाहीत, त्यामुळे माप नेहमी पट्टीवरच घेते. मॅट उन्हात किंवा गरम इस्त्रीखाली ठेवली तर वाकते आणि मग सपाट होत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीलगतच्या खोलीत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी ती पलंगाखाली आडवी ठेवते.

सामान कितीही चांगलं असलं तरी कापड चुकीचं असेल तर उपयोग नाही. मेनरोडवर कापड घेताना सुती म्हणून मिश्र धाग्याचं गळ्यात पडू शकतं. कडेचा एक धागा काढून जाळून पाहा: सुती धाग्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. लाल आणि निळी छपाई आधी धुऊनच कापावी, नाहीतर दुसरीच्या पांढऱ्या तुकड्यांवर रंग उतरतो.

खर्च एकदम झेपत नसेल तर आधी फूट घ्या, मग पट्टी, आणि तोवर कापायला धारदार कात्री पुरते. कटर आणि मॅट मात्र एकत्रच घ्या, कारण मॅटशिवाय कटर चालवला तर टेबलही खराब होतं आणि पातंही.