इमर्जन्सीत पॅलिएटिव्ह केअर: टीम बोलवावी की आपलीच माणसं तयार करावीत?

इमर्जन्सीत पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करण्यावर आणि रुग्णाला काय हवं यावर भर देणारी सेवा हवी, इथपर्यंत तुमच्या विभागात एकमत झालं असेल तर पुढचा प्रश्न कामाचा आहे. हॉस्पिटलातल्या पॅलिएटिव्ह टीमला बोलवायचं, की आपल्याच डॉक्टरांना आणि सिस्टरांना त्यातलं मूळ काम शिकवायचं? आमच्या विभागाने दोन्ही करून पाहिलं.

कागदावर टीमच उजवी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत इमर्जन्सीत आलेले, कर्करोग पुढच्या टप्प्यात गेलेले 136 रुग्ण होते. ज्यांच्यासाठी तिथूनच पॅलिएटिव्ह टीमचा सल्ला सुरू झाला, त्यांचं जीवनमान बारा आठवड्यांनी दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारलेलं निघालं आणि जगण्याच्या काळात लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय टीमकडे बसून बोलायला वेळ असतो. मॉर्फिनला दाद न देणारं दुखणं किंवा दोन मुलांची दोन मतं, अशा वेळी त्यांच्याइतकं कुणालाच जमत नाही, हे मी आजही मानतो.

माझं बिनसलं ते फोनवर. पॅलिएटिव्हचा रेफरन्स लिहायचा, कॉल लावायचा आणि ऐकायचं, ‘वॉर्डात शिफ्ट करा, सकाळी राउंडला बघतो.’ यात त्यांची चूक नाही. माणसं मोजकी आणि वॉर्ड भरलेले. पण आमच्याकडे सकाळपर्यंत थांबणारा पेशंट फार क्वचित असतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा माणूस पहाटे धापा टाकत येतो, बरगड्या आत ओढल्या जाताहेत, बायको फाइल छातीशी धरून उभी. व्हेंटिलेटरसाठी श्वासनलिकेत ट्यूब घालायची की नाही, हे पुढच्या काही मिनिटांत ठरणार. सकाळी टीम येते तेव्हा तो आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतो आणि चर्चा ‘घालायची का’वरून ‘काढायची का’वर गेलेली असते. घरच्यांना दुसरी चर्चा पहिलीपेक्षा कितीतरी जड जाते. हे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर टीमच्या बाजूचे बाकीचे मुद्दे मला फिके वाटू लागले.

आपल्या माणसांना शिकवणं म्हणजे त्यांना तज्ज्ञ करणं नव्हे. ‘हा पेशंट वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय, धापेसाठी शिरेतून मॉर्फिनचा लहानसा डोस हळूहळू देण्याचं धाडस, तोंडावर पंख्याचा वारा, आणि ‘सगळं करायचं का?’ या घातक प्रश्नाला रजा. आमची एक रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) त्याऐवजी विचारते, ‘तब्येत अशी झाली तर काय हवं, यावर ते तुमच्याशी कधी बोललेत का?’ आणि मग गप्प राहते. हे गप्प राहणंच शिकवायला सगळ्यात अवघड. नक्की ठरत नसेल तर ठरावीक मुदतीपुरते उपचार देऊन पुन्हा बसायचं, हेही तिला जमतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं बरं नाही. अमेरिकेतल्या 29 इमर्जन्सी विभागांत डॉक्टर-नर्सना असं प्रशिक्षण दिलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल 2025 साली आला. गंभीर आजार असलेल्या वयस्कर रुग्णांना भरती करण्याचं प्रमाण त्यामुळे कमी झालं नाही. खर्च वाचेल या आशेवर व्यवस्थापनाला पटवणार असाल तर हा निकाल तुमच्यासमोर ठेवला जाईल. मला स्वतःला भरतीचा आकडा हे त्या कामाचं योग्य माप वाटत नाही. भरती झालेला माणूसही कमी धापेत आणि त्याच्या मर्जीने भरती होऊ शकतो. पण हे माझं मत झालं. त्यात रेसिडेंट बदलत राहतात, शिकवलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं, आणि पडद्याआडच्या खाटेवर शांतपणे बोलायला जागा नसते ती नसतेच.

तुमची टीम रात्री फोन उचलून खाली येत असेल तर तिच्यावर भरवसा ठेवा, माझा सगळा युक्तिवाद तिथेच ढिला पडतो. तशी सोय नसेल तर मी शिकवण्याकडे झुकेन आणि गुंतागुंतीच्या केसेस टीमकडे सोपवेन. सुरुवात रात्रपाळीच्या सिस्टरांपासून करा. त्या डॉक्टरांइतक्या लवकर बदलत नाहीत, आणि नातेवाईक खरं काय ते आधी त्यांनाच सांगतात.