कायोटीसाठी विजेची जाळी: घ्यावी का?
कायोटी, म्हणजे लांडग्या-कोल्ह्यासारखा अमेरिकेतला रानटी प्राणी, आमच्या कोंबड्यांवर टपलेला. पण शेताला लागूनच घरं, त्यामुळे आमच्या काउंटीत (जिल्ह्यात) बंदुकीचा प्रश्नच येत नाही. विषही नको, शेजाऱ्यांची कुत्री मोकळी फिरतात. म्हणून कोंबड्यांभोवती ही चार फुटी विजेची जाळी लावली. कायोटी आधी नाक लावून हुंगतो आणि तिथेच त्याला प्रसाद मिळतो! झटका सणसणीत, पण क्षणभराचाच. वैताग एकच: गवत वाढून तारांना टेकलं की करंट जमिनीत उतरतो, जाळी नुसती शोभेची राहते. जाळीखालच्या गवताची पट्टी सतत कापावी लागते. खुंटे तर कडक जमिनीत चक्क वाकतात. कायोटींना बिचकवायला लुकलुकणारे दिवेही घेतलेत, पण दिव्यांची जागा बदलत राहिलं नाही तर कायोटी त्यांना सरावतात. जाळी घ्याच, रात्री मात्र कोंबड्या खुराड्यातच कोंडा.