उत्खनन शिबिर शोधायचं कुठे? एआयएच्या फिल्डवर्क यादीचं परीक्षण, ठाणे–नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

जगभरातली उत्खनन शिबिरं एका जागी पाहायची तर आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे एआयए, या संस्थेची ऑनलाइन यादी अजूनही सगळ्यांत कामाची आहे. संस्था १८७९ची. यादीचं नाव आर्किऑलॉजिकल फिल्डवर्क ऑपॉर्च्युनिटीज बुलेटिन. पाहायला पैसे लागत नाहीत. ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ इथल्या कॉलेजांत इतिहास घेऊन बीए करणाऱ्याला कुणीतरी हिचा पत्ता देतं आणि तिथेच थांबतं. ती वाचायची कशी, आणि तिच्यातलं आपल्या कामाचं किती, हे सांगायचं राहून जातं. पाचपैकी गुण द्यायचे तर माहिती मांडण्याच्या पद्धतीला साडेचार, ठाण्याच्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जागा मिळवून देण्याच्या बाबतीत दीड.

साडेचार गुण आहेत ते रकान्यांचे. प्रत्येक प्रकल्पाच्या नोंदीत हंगामाच्या तारखा, अर्जाची शेवटची तारीख, प्रकल्पप्रमुखाचं नाव, संलग्न संस्था, उत्खननाच्या जागेचा काळ, किमान मुक्काम, किमान वय, अनुभवाची अट, राहण्या-जेवणाची सोय आणि शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) अशी माहिती ठरावीक साच्यात असते. बहुतेक मुलं फोटो आणि देशाचं नाव पाहतात आणि थेट फीकडे उडी मारतात. आधी पाहायचा तो ‘किमान मुक्काम’. एका आठवड्यासाठीही माणसं घेतात तिथे बहुधा स्वयंसेवक हवे असतात, म्हणजे तुम्ही माती उपसणारे हात. चार-पाच आठवडे सक्तीचे असतील आणि श्रेयांकही असतील, तर तिथे अभ्यासक्रम आहे आणि कुणीतरी तुमच्या वह्या तपासणार आहे. दोन्हींत गैर काही नाही, फक्त पहिल्याला दुसऱ्याचे पैसे मोजू नयेत.

काही नोंदींवर आरपीए प्रमाणित असा शेरा दिसतो. रजिस्टर ऑफ प्रोफेशनल आर्किऑलॉजिस्ट्स ही अमेरिकेतली संस्था शिबिराचा अभ्यासक्रम आणि कामाची पद्धत तपासून तो देते. शेरा असेल तर चांगलंच. नसेल तर लगेच नाक मुरडू नये, कारण अमेरिकेबाहेरचे कितीतरी उत्तम प्रकल्प त्या वाटेला जातच नाहीत.

राहण्या-जेवणाचा रकाना दोनदा वाचावा. सुट्टीच्या दिवशीचं जेवण, विमानतळापासून साइटपर्यंतचा प्रवास आणि विमा या तीन गोष्टी आकड्याच्या बाहेर ठेवलेल्या असतात आणि खर्च तिथेच फुगतो. श्रेयांकांची फी पुष्कळदा वेगळी असते. आपलं कॉलेज परदेशी श्रेयांक धरणार नसेल तर ती कशाला भरायची? श्रेयांकाविना दर किती, असं दोन ओळींच्या ईमेलमध्ये विचारावं. अनेक ठिकाणी असा दर असतो. जाहिरातीत मात्र तो ठळक दिसत नाही.

आता दीड गुणाचं. पहिली अडचण कॅलेंडरची. भूमध्य समुद्राकाठची आणि युरोपातली बहुतेक शिबिरं जून ते ऑगस्टमध्ये भरतात, कारण तिकडे तेव्हा सुट्टी आणि कोरडी हवा. आपल्याकडे जूनमध्ये कॉलेज उघडतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने पाच आठवडे बुडवले की ७५ टक्के हजेरीचा प्रश्न उभा राहतो. तिसरं वर्ष संपवून एमएच्या प्रवेशाची वाट पाहणाऱ्याला हा काळ सोयीचा पडतो. बाकीच्यांनी कॉलेजकडून आधी लेखी परवानगी घ्यावी.

दुसरी अडचण पैशाची. तीन हजार डॉलरचं शिबिर, डॉलर ८५ रुपये धरला तरी, २ लाख ५५ हजारांना पडतं, आणि विमानाचं तिकीट त्यात नाही. शेंगेन देशांत (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) जायचं तर व्हिसाचे ९० युरो आणि किमान ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा वेगळा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये मुंबईत अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते, तेव्हा स्वीकारपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात अर्जाला लागावं. एआयएची फिल्ड स्कूल शिष्यवृत्ती पाहून हुरळून जाऊ नये; ती अमेरिका आणि कॅनडातल्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी आहे.

तिसरी अडचण म्हणजे यादीत भारत शोधला तर हाताला फार थोडं लागतं. ही काही यादी करणाऱ्यांची हेळसांड नव्हे. आपल्याकडे उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. ती प्रकल्पप्रमुख आणि संस्था यांच्या नावाने, ठरलेल्या जागेसाठी आणि त्या हंगामापुरती मिळते. मनुष्यबळ असतं ते त्या संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांचं आणि गावातल्या मजुरांचं. बाहेरून माणसं गोळा करायची गरजच पडत नाही, मग जाहिरात कोण करणार?

म्हणून इथे शोधाची रीत वेगळी. पुण्याचं डेक्कन कॉलेज, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचं सेंटर फॉर आर्किऑलॉजी या तीन ठिकाणी काय चाललंय यावर डोळा ठेवावा. मुंबई विद्यापीठाचं कालिना संकुल सर्वांत जवळचं: ठाण्याहून मध्य मार्गाने आणि वाशीहून हार्बरने कुर्ला, पुढे बस किंवा रिक्षा. उत्खननात जागा हवी असेल तर नोव्हेंबरच्या आधी प्रकल्पप्रमुखाला लिहावं. सोबत विभागप्रमुखाचं शिफारसपत्र, आपण किती दिवस देऊ शकतो ते, आणि चित्रकला, फोटोग्राफी, मोडी किंवा ब्राह्मी वाचन, क्यूजीआयएस (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) यांपैकी काही येत असेल तर त्याचा उल्लेख. ‘मला पुरातत्त्वाची खूप आवड आहे’ या वाक्यावर कुणी तंबूत खाट देत नाही. ग्राफ पेपरवर छेद, म्हणजे खणलेल्या भिंतीतल्या थरांचं मापात चित्र, नीट काढता येतो म्हटलं तर देतात.

भारतातल्या प्रशिक्षण उत्खननाची घडी मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ मध्ये तक्षशिलेला विद्यार्थ्यांची शाळा भरवून बसवली. चौरसांची जाळी आणि मधे न खणलेली भिंत, म्हणजे बॉक, ही त्यांची पद्धत आजही वापरात आहे. पाच मीटरच्या चौरसात एक मीटरचा बॉक सोडला की खणायला चार बाय चार मीटर उरतात. शिबिर जोखायला हे माप फार उपयोगी. एवढ्या जागेत चार-पाच मुलं नीट काम करतात. आठ-दहा कोंबली की निम्मी नुसती घमेली उचलतात आणि उरलेली बॉकच्या कडेवर उभी राहतात. मग कड ढासळते आणि वरच्या थराची माती, खापरांसकट, खालच्या थरात पडते. त्यानंतर खालच्या थरातल्या खापरांवरून काळ ठरवणं व्यर्थ.

म्हणून शिबिराला पहिला प्रश्न: एका ट्रेंचमागे (खणायच्या चौरसामागे) किती विद्यार्थी, आणि सुपरवायझर कोण? दुसरा: विद्यार्थ्याची स्वतःची नोंदवही असते का, आणि ती रोज तपासली जाते का? खणणं दोन दिवसांत जमतं. खुरपी आडवी धरून पातळ पापुद्रा काढायचा, मातीचा रंग बदलला की थांबायचं, हे हाताला लवकर कळतं. वेळ लागतो तो थर ओळखायला, त्याला क्रमांक द्यायला आणि नंतरच्या काळात खणलेला खड्डा त्या थरातून वेगळा काढायला. खड्डा लक्षात आला नाही की मध्ययुगीन बांगडी सातवाहन थरात सापडल्याची नोंद होते. डम्पी लेव्हलचं (उंची-खोली मोजायच्या दुर्बिणीचं) वाचन घेऊन ठरलेल्या संदर्भबिंदूपासून खोली काढता येणं, ओळंबा आणि दोरी लावून १:२० प्रमाणात छेद काढणं (चार मीटरची भिंत कागदावर २० सेंटिमीटर), फोटोत मोजपट्टी, उत्तर दिशेचा बाण आणि पाटी ठेवणं, एवढं तीन आठवड्यांत आलं तर पैसे वसूल.

तिसरा प्रश्न खापरांच्या अंगणाचा. दुपारनंतर सगळं काम तिथेच चालतं, आणि जाहिरातीतल्या फोटोत ते कधीच नसतं. धुणं, सावलीत वाळवणं, साइट-ट्रेंच-थर असा संकेत शाईने लिहिणं, मग भांड्यांच्या कडांचे आणि बुडांचे तुकडे वेगळे काढून मोजणं. गडबड होते ती ठरावीक जागी. एकाच टबात दोन ट्रेंचची खापरं धुतली जातात, किंवा चिठ्ठी साध्या पेनाने लिहिलेली असते आणि ओल्या पिशवीत शाई पसरते. पेन्सिलने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर बांधलेली, असा नियम ज्या शिबिरात पाळतात तिथे बाकीचंही बरं असतं.

उत्खनन मिळालं नाही तर गवेषण, म्हणजे पृष्ठभागाची पाहणी, याला दुय्यम समजू नये. ठाणे शहर साष्टी बेटावरच आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या सेंटर फॉर आर्किऑलॉजीने साठ्ये महाविद्यालयाच्या साथीने साष्टीची पाहणी केली ती गावठाणं, देवळांची आवारं आणि तलावांचे काठ पालथे घालूनच. कोकणात देशावरच्यासारखी पांढरीची टेकाडं (जुन्या वस्तीच्या मातीचे उंचवटे) सहज नजरेस पडत नाहीत. पाऊस, झाडोरा आणि इमारती सगळं झाकतात. गवत वाळल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, जमीन दिसते. ठाणे-रायगड पट्ट्यात वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड) आणि शिलाहारकाळातल्या गधेगळी (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या शिळा) अजून देवळामागे, विहिरीकाठी, शेंदूर लावून पुजलेल्या सापडतात. शेंदूर खरवडायचा नाही, अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा तेल फासायचं नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घेतला की अक्षरं आपोआप उठतात. खापर दिसलं तर फोटो, जीपीएस वाचन, आणि ते जागच्या जागी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक आहेत. व्यावहारिक कामाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले तर दोन श्रेयांकांना ६०, म्हणजे रोज सहा तासांचे दहा दिवस. शनिवार-रविवार धरून पाच आठवड्यांत होतं, आणि खर्च लोकलचा पास व वडापाव.

राहता राहिली ठाणे आणि नवी मुंबईत लागणारी पोस्टर. ‘उत्खननाचा थरार’, ‘स्वतः खोदा, स्वतः शोधा’ अशी भाषा, खाली एक क्यूआर कोड आणि फी. त्यातली एका दिवसाची बहुतेक कृत्रिम उत्खननं असतात: वाळूच्या हौदात पुरलेली खापरं शोधायची. आठवी-नववीच्या मुलांसाठी हा प्रकार छान आहे, तसं पोस्टरवर स्पष्ट लिहिलं असेल तर. बीएच्या विद्यार्थ्याने त्यावर पैसे घालवू नयेत. आणि खऱ्या साइटवर खणायला देतो म्हणणाऱ्याने परवानगी कुणाच्या नावाने आहे हे सांगायलाच हवं. उत्तर टाळलं तर तिथे जाऊ नये. सापडलेली वस्तू आठवण म्हणून घरी न्या असं सांगणाऱ्याचं तर नावही काढू नका. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचं बंधन १८७८च्या कायद्यापासून आहे.

शिबिर भरवणाऱ्यांनी एआयएच्या यादीतून उचलायची ती तिची रकान्यांची रीत, मराठीत. ठिकाण तालुक्यासह, प्रकल्पप्रमुख, परवानगी, तारखा, ट्रेंचमागे विद्यार्थी, रोजचं वेळापत्रक, फीत काय येतं आणि काय नाही, प्रमाणपत्रावर तासांची नोंद आहे का. त्याखाली पालकांचे रकाने: मुलींची राहण्याची वेगळी सोय, सोबत येणाऱ्या शिक्षिका, संडास-न्हाणीघर, जवळचं सर्पदंशावरचं प्रतिविष ठेवणारं रुग्णालय आणि तिथवर जायला किती मिनिटं. घरून परवानगी या दुसऱ्या भागावर मिळते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन यायला सांगावं, आणि दगड उचलताना हात आधी घालायचा नाही हेही. खाली विंचू असतो.

डिसेंबर-जानेवारीच्या शिबिराची सूचना ऑगस्टअखेर एकदा लावावी आणि दिवाळीनंतर पुन्हा. मधल्या परीक्षांच्या काळात लावलेलं कुणी वाचत नाही. नुसता फोटो व्हॉट्सॲपवर न फिरवता मजकूरही पाठवावा, म्हणजे पुढे पाठवताना तारीख शोधता येते. फी दोन हप्त्यांत घ्यावी, आणि दुसरा हप्ता परवानगीचं पत्र आल्यावरच. परवानगी लांबली तर पहिल्या हप्त्यातले किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील, हे पोस्टरवरच छापावं.