स्लीप अप्लायन्स, काही महिन्यांनंतर: झोप सुधारली, पण दाढांवर नजर ठेवा

झोपेत श्वास अडू नये म्हणून मी रात्री दातांवर स्लीप अप्लायन्स लावते: एक वरचा ट्रे, एक खालचा ट्रे, आणि खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या, दोन्ही ट्रे जोडणाऱ्या दोन बाजूंच्या पट्ट्या. त्यातली उजव्या बाजूची पट्टी मागे एका रात्री झोपेतच तुटली. क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरून उत्तर आलं, "मॅडम, सुटी पट्टी मिळत नाही, अख्खा सेट नव्याने बनवावा लागेल." वरचा ट्रे ठीक, खालचा ट्रे ठीक, कुठे चीरसुद्धा नाही, आणि पेराएवढ्या प्लॅस्टिकसाठी सगळा खर्च पुन्हा? मी मान्य केलं नाही. या पट्ट्या वापरून सैल होतात, म्हणून त्या बदलता येतील अशाच बनवलेल्या असतात, आणि याच क्लिनिकने मध्यंतरी मला त्या बदलूनही दिल्या होत्या. थेट डॉक्टरांशीच बोलायचं असा हट्ट धरला, तेव्हा कुठे "लॅबकडून मागवतो" इथवर गाडी आली. पट्ट्या मिळाल्या, पण मधल्या रात्री वाया गेल्या. एका बाजूची पट्टी नसली की खालचा जबडा मागे सरकतो आणि ट्रे घालून झोपण्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून पट्टीवाला प्रकार घेणार असाल तर जास्तीची जोडी पहिल्याच दिवशी मागून घ्या.

आता मूळ अनुभव. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं, एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास सरासरी किती वेळा थांबतो किंवा कमी पडतो तो आकडा, आणि सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. माझा पहिला एएचआय २१ होता, म्हणजे मध्यम. (५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.) आधी सीपॅपच मिळालं होतं. सीपॅपबद्दल मला वाईट बोलायचं नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी ते पुढे आणलं, आणि श्वास थांबण्याचे प्रसंग कमी करण्यात ते या अप्लायन्सपेक्षा आजही सरस आहे. माझी अडचण एवढीच की मी झोपेत मास्क काढून टाकायचे. डोळ्यांकडे हवा गळायची, नाक कोरडं पडायचं, आणि सकाळी मास्क उशीखाली सापडायचा. ज्यांना सीपॅप सहन होत नाही किंवा दुसरा पर्याय हवा असतो, अशा प्रौढांना दातांवरचं अप्लायन्स द्यावं, असं अमेरिकेतल्या झोपविकार आणि दंत-निद्रा वैद्यकाच्या दोन्ही संघटनांनी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. स्लीपच्या डॉक्टरांनी त्याच आधारावर मला डेंटिस्टकडे पाठवलं.

खरं तर पहिला संशयही डेंटिस्टलाच आला होता. दाढा झिजलेल्या, जिभेच्या कडेला दातांचे वळ, हे बघून त्यांनी विचारलं, "सकाळी डोकं जड असतं का?" बायकांमध्ये बऱ्याचदा घोरण्यापेक्षा थकवा, अर्धवट झोप आणि डोकेदुखी याच तक्रारी पुढे येतात आणि निदान भलतीकडेच जातं, त्यामुळे त्या एका प्रश्नाचं मला फार मोल वाटतं. अर्थात दात झिजलेत म्हणजे ॲप्निया आहेच असं नाही. निदान स्लीप टेस्टनेच होतं आणि ते स्लीपच्या डॉक्टरांचं काम आहे. टेस्ट न करता थेट तोंडाचं माप घ्यायला बसवणारा कोणी भेटला तर तिथून उठा.

तत्त्व साधं आहे. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवला की जीभही पुढे येते, टाळ्यामागची वाट दोन्ही बाजूंनी रुंदावते आणि घसा मिटत नाही. बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग मोकळा करताना जबडा पुढे उचलतात, तेच हे. माझ्या प्रकारात पट्टी जितकी आखूड तितका जबडा पुढे. सुरुवात हलक्या ओढीने होते, मग हळूहळू वाढवत जातात.

सुरुवातीचा त्रास थोडक्यात: लाळ खूप सुटली, उशी ओली व्हायची, समोरचे दात ठणकायचे. हे सगळं ओसरलं.

घोरणं तर जवळजवळ लगेच थांबलं. नवरा खूश, मीही खूश. त्याच वेळी हे लिहिलं असतं तर डोळे मिटून पैकीच्या पैकी गुण दिले असते. मग डॉक्टरांनी अप्लायन्स लावून पुन्हा स्लीप टेस्ट करायला सांगितली आणि एएचआय आला १४. पाठीवर झोपल्यावर तर आणखी वाईट. म्हणजे आवाज बंद झाला होता, श्वास मात्र अडतच होता. या क्षेत्रात मला सर्वांत धोकादायक गोष्ट हीच वाटते: घरचे म्हणतात घोरणं गेलं, आपण म्हणतो बरं झालो, आणि ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत राहतो. आखूड पट्ट्या बसवल्या, जबड्याला सवय होऊ दिली, नंतरच्या टेस्टमध्ये एएचआय ६ वर आला. दुपारची पेंग गेली तीही याच टप्प्यावर. ही दुसरी टेस्ट खर्चिक वाटते, कोणी आग्रहही धरत नाही, पण तिच्याशिवाय अप्लायन्स चालतंय की नाही हे कळायला मार्ग नाही. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. सकाळी ट्रे काढल्यावर दाढा एकमेकींना टेकत नाहीत. पुढचे दात आधी आपटतात, मागे फट राहते, पहिला घास चावताच येत नाही. रात्रभर जबडा पुढे असल्यामुळे हे होतं आणि दिवसा बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतं. पण रोज, वर्षानुवर्षं हा ताण दातांवर पडला की वरचे पुढचे दात किंचित आत आणि खालचे किंचित बाहेर कलत जातात. दोन्हींमधलं अंतर कमी होतं आणि दाढांची पकड कायमची बदलू शकते. बदल इतका संथ असतो की पेशंटला स्वतःला तो जाणवतही नाही.

यावर उपाय म्हणून सकाळी चावायची एक छोटी, वेगळीच पट्टी असते. तुमची मूळ पकड तिच्यावर उमटवून घेतलेली असते. ट्रे काढल्यावर ती दातांत धरायची आणि दाढा पुन्हा नीट मिटेपर्यंत हळूहळू चावत राहायचं. ही पट्टी मला अप्लायन्ससोबत मिळालीच नाही. मी दाढांची तक्रार घेऊन गेले तेव्हा "हो, तीही असते" म्हणून करून दिली. हे मला अजिबात पटलेलं नाही. इतकं महागाचं उपकरण देताना ज्याने दातांची ठेवण जपली जाते तीच वस्तू मागितल्यावर का द्यावी? आणि मूळ पकड बदलायच्या आधीच ती बनवायला हवी, उशिरा बनवलेली पट्टी बदललेलीच पकड शिकवेल. माझ्या बाबतीत दातांचा सुरुवातीचा डिजिटल स्कॅन साठवलेला होता म्हणून पडताळून पाहता आलं.

घरी मी एक चाचणी करते. पातळ कागदाची चिंचोळी पट्टी कापायची, ती शेवटच्या दाढांमध्ये ठेवून दात मिटायचे आणि ओढायची. दोन्ही बाजूंना कागद अडकला, निसटला नाही, तर त्या दिवसापुरतं काम झालं. एका बाजूने तो सहज सरकून आला तर पुन्हा सकाळची पट्टी. आंघोळीआधी सुरू करते, न्याहारीपर्यंत दाढा जागेवर असतात.

देखभालीत विशेष काही नाही. गार पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण. गरम पाण्याने ट्रे वाकतो आणि टूथपेस्टने ओरखडे पडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माप देण्याआधी दातांची उरलेली कामं उरकून घ्या. नंतर एखादी कॅप बसवली की ट्रे त्या दातावर बसत नाही, आणि मग खरोखरच नवा सेट लागतो. उकळत्या पाण्यात मऊ करून चावायचे तयार ट्रे स्वस्त पडतात म्हणून बरेच जण विचारतात. मी ते घेणार नाही. थोडं थोडं पुढे सरकवायची सोय बहुतेकांत नसते किंवा जेमतेम असते, आणि वर सांगितलेल्या सूचनाही मापाच्या, सरकवता येणाऱ्या अप्लायन्सलाच पसंती देतात.

हिरड्या सैल असतील, दात फार कमी उरले असतील किंवा जबड्याचा सांधा आधीच दुखत असेल तर हे जमणं कठीण. तीव्र ॲप्नियात सीपॅपवरच आधी जोर लावावा असं मला वाटतं. मेंदूकडूनच श्वासाचा इशारा कमी पडतो त्या प्रकारात तर जबडा पुढे ओढून काही साधत नाही.

मी हेच वापरत राहणार आहे. सुरुवातीच्या स्कॅनची प्रत मागून घेतली आहे आणि दर तपासणीला वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये फाईलवर लिहून द्यायला सांगितलंय. पुढच्या तपासणीत आकडा हलला असेल तर इथेच खाली टाकेन.