एनएमएन, माइटोक्विनोन की युरोलिथिन ए? चौदा महिने घेऊन बघितलं, मग लिहितोय

पन्नाशी ओलांडली आणि चार मजले चढले की धाप लागायला लागली, तेव्हा मी या मायटोकॉन्ड्रियाच्या मागे लागलो. शाळेत तंतुकणिका म्हणून शिकलो ना, पेशीचं ऊर्जाघर, तेच. मायटोकॉन्ड्रियासाठी विकल्या जाणाऱ्या तीन सप्लिमेंट घेतल्या: एकावेळी एकच, चार महिने, मध्ये महिनाभर गॅप, आणि दर रविवारी तेच चार मजले स्टॉपवॉच लावून चढायचे, वर पोचल्यावर नाडी मोजायची, वहीत लिहायचं.

पहिलं एनएमएन. वयाबरोबर शरीरातलं एनएडी (पेशीला ऊर्जा बनवायला लागणारा रेणू) कमी होतं आणि हा त्याचा कच्चा माल, म्हणून एवढी हवा. 2021 मध्ये एक चांगला अभ्यास आला, मेनोपॉजनंतरच्या, प्रीडायबेटिस असलेल्या बायका, रोज 250 मिलिग्रॅम, 10 आठवडे, आणि स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद द्यायला लागले. चांगलंच आहे, पण मी पुरुष, माझी शुगर नॉर्मल, म्हणजे तो निकाल मला तसाच्या तसा लागू होत नाही हे डबा संपल्यावर लक्षात आलं. दुसरा डबा उघडला तर पावडरीचे खडे, तळाला चिकटलेले, चमच्याने खरवडावे लागले. विक्रेत्याकडे बॅचचा लॅब रिपोर्ट मागितला तर भलत्याच बॅचचा पाठवला. वहीत फरक शून्य.

माइटोक्विनोन म्हणजे कोक्यू10 चाच (मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवताना लागणारा पदार्थ) भाऊ, फक्त त्याला पॉझिटिव्ह चार्जची शेपटी लावलीय, मायटोकॉन्ड्रियाच्या आत निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळे ते आपोआप आत ओढलं जातं. कल्पना मला फार आवडली. 60 ते 79 वयाच्या 20 जणांवर 6 आठवड्यांच्या ट्रायलमध्ये रक्तवाहिन्या जास्त चांगल्या प्रसरण पावायला लागल्या, पण ते मला घरी मोजता येत नाही आणि जिन्यावर तरी काही दिसलं नाही.

तिसरं युरोलिथिन ए, आणि निवडायचंच असेल तर मी हेच निवडेन. हे नवीन ऊर्जा वगैरे देत नाही, मोडकळीला आलेल्या मायटोकॉन्ड्रियाची साफसफाई करायला पेशीला लावतं. डाळिंब, अक्रोड खाल्ले की आतड्यातले जंतू हेच बनवतात, पण ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात, त्यामुळे नुसती डाळिंबं खाऊन भागेलच असं नाही. 2022 च्या ट्रायलमध्ये 65 ते 90 वयाच्या 66 जणांपैकी निम्म्यांना 4 महिने दिलं, रोज 1000 मिलिग्रॅम, बाकीच्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी. हातापायाचे स्नायू न थकता जास्त वेळ काम करायला लागले, पण सहा मिनिटांत किती अंतर चालतात यात प्लासिबोपेक्षा ठोस फरक नव्हता. विकणारे पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गाळतात, याचा मला खरंच राग येतो. माझे चार मजले 71 सेकंदांवरून 64 वर आले, तिसऱ्या महिन्यापासून. मात्र त्याच दिवसांत मी ऑफिसला चालत जायला लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येत नाही.

आता इंजेक्शनवाले. एलामिप्रेटाइड, म्हणजे एसएस-31, हे मायटोकॉन्ड्रियावर काम करणारं औषध, याला अमेरिकेत सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी मिळाली ती बार्थ सिंड्रोम या दुर्मिळ आजारासाठी, म्हातारपण रोखायला नाही. एसएस-31 आणि मॉट्स-सी (असंच आणखी एक पेप्टाइड) च्या 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेल्या कुप्या लोक घरी टोचून घेतात, कृपा करून नका करू, आत नक्की काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

आणि मिथिलीन ब्लू, हा निळा रंगही लोक मायटोकॉन्ड्रियासाठी म्हणून घेतात. माझी बहीण डिप्रेशनची गोळी घेते, तिने कुणाचं तरी ऐकून हे निळे थेंब मागवले होते. एसएसआरआय म्हणजे डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर याने सेरोटोनिन सिंड्रोम (मेंदूत सेरोटोनिन धोकादायक वाढणं) होऊ शकतो, जिवावर बेततं. जीसिक्सपीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर लाल पेशी फुटतात ते वेगळंच. तिचा फोन आला तेव्हा बाटली उघडलेली होती, पण घेतलं नव्हतं. मी जाऊन ती घेऊन आलो.

युरोलिथिनचा डबा या आठवड्यात संपला. आता चार महिने गोळी बंद, चालणं चालू, रविवारचे मजले तेच. 64 टिकतात का बघतो.