"घरीच बसवा" म्हणून विकलेलं लेव्हलिंग किट आणि माझे गेलेले साडेआठ हजार

ज्यांच्याकडे व्ही-क्रॉस, हायलक्स असली पिकअप आहे आणि पुढचं नाक जरा वर घ्यायचं डोक्यात घोळतंय त्यांनी हे वाचा, कारण "फक्त दोन तासांत घरच्या घरी बसवा" असं सांगून किट विकणारे सध्या बरेच फिरतायत आणि त्यातल्या एकाने मला व्यवस्थित टोपी घातली. नाव टाकत नाही, तसंही त्याने आता पेजचं नाव बदललंय.

आधी थोडं या भानगडीबद्दल. पिकअप कंपनीतून येतानाच मागून उंच आणि पुढून खाली असते, मागे पाटे असतात आणि माल भरला की मागचं बूड बसून गाडी सरळ दिसावी असा हिशोब असतो. माझी गाडी वर्षातले बरेच महिने रिकामीच धावते, डिचोली ते कुळागर आणि कुळागर ते घर, नारळ-सुपारी उतरली की तेवढाच काय तो लोड, आणि पावसात आमच्या त्या लाल चिखलाच्या वाटेवर पुढचा बंपर घासतो. म्हणून पुढे थोडं उचलायचं होतं. व्ही-क्रॉसला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतो, त्याच्या माथ्यावर एक जाड चकती, म्हणजे स्पेसर (लेव्हलिंग किटमधली मुख्य वस्तू हीच), बसवला की पुढची बाजू वर येते. स्प्रिंग उघडावी लागत नाही म्हणून हे घरी करता येतं हे खरं आहे, यात तो खोटं बोलला नाही. (शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट मात्र कोणीही कधी सोडू नका रे बाबांनो, आत दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर डोकं फुटेल.)

आता मुख्य गोष्ट. शॉकअप चाकापाशी नसतो, चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मवर साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे वर जेवढी जाडी घालाल त्याच्या जवळजवळ दुप्पट चाकापाशी उठतं. गाडीनुसार थोडं इकडेतिकडे, पण २५ एमएमची चकती घातली की पुढे साधारण २ इंच मिळतात. म्हणजे "२ इंच किट" मधली चकती २ इंच जाड नसते. हे ज्याला माहीत नाही तो किट बनवणारा नाही, फक्त विकणारा आहे.

मी विचारलं होतं बरं का. म्हंटलं जाडी किती, तर उत्तर आलं "दादा २ इंच लिफ्ट, प्लग अँड प्ले, तुमच्याच गाडीचं मोल्ड आहे". एमएममध्ये सांगा म्हंटलं तर एक गाडी समुद्रकिनारी उभी असलेला व्हिडिओ पाठवला. मटेरियल काय, तर ६०६१-टी६ अॅल्युमिनियम, सीएनसीवर कापलेलं, पाच वर्षं वॉरंटी, आणि वर "एआरएआय अप्रूव्ड" (एआरएआय म्हणजे गाड्या आणि पार्ट तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था). सर्टिफिकेटचा फोटो मागितला तो आला, पण प्रॉडक्टचं नाव जिथे असतं ती ओळ कापलेली, विचारलं तर म्हणे कॉन्फिडेन्शियल. माझा म्हापशाचा मेकॅनिक बघून सांगेल असं म्हंटलं तर लगेच "मेकॅनिकला कशाला दोन-तीन हजार घालता दादा, ते लोक फुकट घाबरवतात, घरीच होतं". तेव्हा ते मला पैसे वाचवायचं बोलणं वाटलं. आता कळतं की त्या एका वाक्यावर त्याचा सगळा धंदा आहे, बसवायच्या आधी जाणकाराची नजर पडायला नको, आणि बसवल्यावर दोष आपल्यावर.

पैसे आधी पूर्ण, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, यूपीआयवर समोर दिसलेलं नाव दुकानाचं नाही तर कुठल्यातरी भलत्याच माणसाचं, "आमच्या अकाउंटंटचं आहे" म्हणे. पक्कं बिल पाहिजे तर जीएसटीचे वेगळे पडतील.

पार्सल आलं ते दिसायला झकास, काळा पावडर कोट, लेझरने कोरलेला लोगो, स्टिकर फुकट. माझा मावसभाऊ वेर्ण्याला फिटर आहे, रविवारी तो आला आणि आम्ही पडवीसमोर गाडी घेतली, जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका), चाक काढलं, लिंक सोडली, शॉकअप बाहेर काढला. चकती वर बसली, इथपर्यंत छान. पण शॉकअप परत जागेवर घातला तर खालचा बोल्ट भोकासमोर येईचना. पहार घालून आर्म खाली दाबला तरी नाही. वरचा आर्म स्प्रिंगला टेकायला आला, अॅक्सलच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासायला लागल्या, एबीएसची वायर ताणून तारेसारखी. भाऊ म्हणाला, "दादा थांब, जबरदस्ती करू नको, काहीतरी गडबड आहे." त्याने पिशवीतून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, काढला. चकती ५० एमएम जाड. म्हणजे हे बसलं असतं तर पुढून जवळजवळ ४ इंच! त्या कोनात अॅक्सलचा जॉइंट आणि बॉल जॉइंट किती टिकणार, आणि ते चोर्ला घाटात सुटलं तर काय, हे मी वेगळं सांगायला नको.

मग बोल्ट बघितले. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ग्रेड कोरलेला असतो, ह्यांची डोकी कोरी. भावाने एक वाइसमध्ये धरून टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) लावला तर ठरलेल्या टॉर्कच्या निम्म्यावरच तो ताणून मधे बारीक झाला. गावातल्या लेथवाल्याकडून एक चकती मधोमध कापून घेतली, आत बारीक बारीक छिद्रंच छिद्रं. ६०६१ च्या सळईतून कापलेल्या मालात अशी हवेची भोकं नसतात, हे सरळसरळ ओतीव काम, वरून रंग मारलेला. लेथवाल्याने पैसे पण घेतले नाहीत, नुसता हसला.

गाडी होती तशी परत जोडली आणि त्याला फोटो पाठवले. उत्तर काय असेल? "तुम्ही सर्टिफाइड वर्कशॉपमध्ये बसवलं नाही, वॉरंटी रद्द." ज्या माणसाने मला घरी बसव म्हणून सांगितलं तोच! जुने मेसेज दाखवले तर ते त्याने आधीच डिलीट केलेले, माझ्याकडे स्क्रीनशॉट होते म्हणून बरं. ग्राहक कोर्टाचं नाव काढल्यावर एकदम मऊ झाला, रिफंड देतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील". बायको बाजूलाच होती, ती म्हणाली पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? बरोबर आहे, पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपलेच जाणार. म्हणजे फसलेल्याला परत एकदा फसवायची पण सोय केलेली. त्यानंतर ब्लॉक.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट टाकले, बँकेलाही कळवलं. हा फोन पैसे गेल्या गेल्या केला तर उपयोग जास्त, पुढच्या खात्यातून पैसे निघायच्या आत अडवता येतात, माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंतच मधे बरेच दिवस गेले होते त्यामुळे अजून एक रुपया आलेला नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, विकणारा दुसऱ्या राज्यातला असला तरी २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. माझे कागद तयार आहेत, चवथ झाली की टाकतो.

"अप्रूव्ड" या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड होऊ शकतो, विकणाऱ्याच्या स्टिकरने तो माफ होत नाही. आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा. आणि खरंच घ्यायचं ठरलं तर एमएममध्ये जाडी, बोल्टचा ग्रेड आणि पक्कं बिल लेखी मागा, बसवल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची सेट करावीच लागते हे विकणाऱ्याने आपणहून सांगितलं पाहिजे, माझ्यावाल्याने यातलं एक अक्षर काढलं नव्हतं.

परवा भाच्याने त्याचं नवीन पेज दाखवलं. तीच चकती, तोच कोरलेला लोगो, तोच समुद्रकिनारा, पण आता खाली लिहिलंय "थार आणि जिमनीसाठी पण उपलब्ध". जिमनीला पुढे अख्खा अॅक्सल असतो, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, ही चकती लावायला तिथे जागाच नाही. खालच्या कमेंटमध्ये दोघांनी ऑर्डर दिलीय असं दिसतंय, त्यांना मी मेसेज टाकलाय, तुमच्या ओळखीत कोणी जिमनीवाला असेल तर त्यालाही सांगा की पैसे भरले असतील तर आजच १९३० लावा आणि पार्सल आलं तर मोबाईलचा व्हिडिओ चालू करूनच उघडा.